तुझ्या बी पेशी झोपल्यात रे!

"सुऱ्याऽऽ! गोळ्या चालू केल्यास काय रे? अरे गोळ्याऽऽ!"

आंबेरकर सर पडवीतल्या बाकावर चढून ओरडत होते. खाली अंगणात शिमग्याची पालखी आली होती. दोन ढोल, एक ताशा, शिवाय मुंबईकर मंडळींनी त्या वर्षी हौसेने आणलेला भोंगा. नाटे गावाजवळची ती एवढीशी वाडी त्या आवाजाने चार बोटं जमिनीत खचली असेल. पण सरांचा आवाज त्याच्याही वर तरंगत होता. मागच्या बाकावर झोपणाऱ्या पोरांना जागं करण्यात उभा जन्म गेलेला गळा तो. ढोलाला काय भीक घालतो?

पालखी ज्याच्या खांद्यावर गरगर फिरत होती तो सरांचा धाकटा भाऊ, सुरेश. पुढच्या आठवड्यात तो आफ्रिकेला निघाला होता, तिथल्या एका बंदरात मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायला. बंदराचं नाव वाडीतल्या कुणाला किंवा माझ्यासारख्या सरांच्या जुन्या विद्यार्थ्याला धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळे नुसतं 'आफ्रिका' म्हणत.

"मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधीपासून घ्यायच्या असतात!" सर ओरडले.

"मला काय होत नाय, आप्पा!" सुरेश नाचता नाचता म्हणाला. "माझ्या रक्ताला सवय हाय!"

आता रीत अशी, की पालखी दारात टेकवायची वेळ झाली की पुढचा माणूस हात वर करतो आणि वाजप एका क्षणात थांबतं. त्याने हात वर केला. ढोल थांबले, ताशा थांबला, भोंगासुद्धा गप्प झाला. पण सरांना कुणी हात दाखवला नव्हता. त्या चिडीचूप अंगणात, दोनशे माणसांच्या डोक्यावरून, देवाच्या साक्षीने सरांचं पुढचं वाक्य आलं.

"तुझ्या बी पेशी झोपल्यात रेऽऽ!"

मग जे हसू फुटलं, त्याने मागच्या माडाचे दोन नारळ पडले. मी स्वतः पाहिले. एक कदाचित आधीच पडलेला असेल.

सुरेश हसला नाही. घरचा माणूस म्हणून मानाने मिळालेला खांदा त्याने मुकाट्याने दुसऱ्याला दिला, तोंड धुवायला म्हणून मागच्या विहिरीवर गेला, आणि तिथून परस्पर रत्नागिरीच्या गाडीत जाऊन बसला. वाडीतली पोरं गाडीमागे धावत होती, "बी पेशी! बी पेशी!" करत. सर पालखीला नारळ वाढवून वळले आणि विचारलं, "सुऱ्या खंय गेला?"

 उत्तर फक्त पोरांनी दिलं.

*

सरांना जगात कितीतरी नावं होती. कॉलेजात 'सर', कॉलेजच्या मागे 'डास', जेटीवर 'मच्छरवाले मास्तर'. पण 'आप्पा' म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो गाडीत बसून गेला होता. वडील बोटीवर, आई लवकर गेलेली; सुरेशला सरांनीच वाढवलं होतं. तो पेज प्यायचा नाही म्हणून सर घरभर त्याच्या मागे वाटी घेऊन धावत आणि ओरडत. मला वाटतं, त्या दोघांचं बोलणं तेव्हापासून तसंच चालू होतं. एक वाटी घेऊन मागे, एक पुढे पळतोय.

सरांनी लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या रत्नागिरीत सात कहाण्या प्रचलित आहेत आणि त्यांतल्या निदान चार माझ्या नाहीत. रत्नागिरीतल्याच राजिवड्याच्या वरच्या अंगाला, खाडी दिसेल अशा जागी त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खाडी दिसते म्हणून लोक तिथे घरं घेतात. सरांनी घेतलं ते जेटीवरच्या बोटींचे पाण्याचे पिंप दिसतात म्हणून. संध्याकाळी हातात बॅटरी, काखेत छत्री, अशी स्वारी निघे. नारळाची करवंटी, फुटका टप, टायर, तुळशीखालची ताटली, जिथे पाणी तिथे सर वाकलेले. एकदा नगराध्यक्षांच्या कारंज्यात वाकले होते, तेव्हा कारंजं चालू झालं. सर तिथेच निथळत उभे राहिले आणि म्हणाले, "वाहतं आहे. वाहत्याला माझी हरकत नाही."

लग्नाला जाताना स्वतःची मच्छरदाणी पिशवीतून नेत. चिपळूणकडे, अलोऱ्याच्या वसाहतीत, एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही मुक्कामी गेलो होतो. एका लांब हॉलमध्ये वऱ्हाडी ओळीने आडवे झालेले, आणि मधोमध सरांचा तो पांढरा तंबू. नवरदेवाच्या आजीला दुरून वाटलं की कुणीतरी गेलं. तिने जो हंबरडा फोडला, तो शांत करायला भटजींना उठवावं लागलं. सर जाळीच्या आतून तिला समजावत होते, "आजी, मी जिवंत आहे. उद्या हे बाकीचे असतील की नाही, ते बघा."

जेटीवरून मासळी घेऊन सुलूमावशी रोज त्यांच्या दारात येई. सरांचं दिवसातलं खरं संभाषण तेवढंच.

"सर, बांगडा ताजा हाय."

"पाटीखालच्या बादलीत पाणी किती दिवसांचं आहे?"

"बांगडा विचारा की वो! बादली मी विकत नाय!"

"बादली पालथी घाल, मग बांगडा घेतो."

ती शिव्या घालत बादली पालथी करी, सर बांगडा घेत, आणि ती पायऱ्या उतरताना वळून म्हणे, "एकटा मानूस, दोन बांगडे कशाला लागतात वो तुमाला?" सर दार लावून घेत. सुरेश गावी होता तोवर कामाच्या निमित्ताने रत्नागिरीला आला की जेवायला यायचा. तो येणं थांबल्यावरही बांगडे दोनच घेतले जात.

*

आता बी पेशींचं सांगतो. नाहीतर तुम्हीही त्या पोरांसारखे नुसतेच हसाल.

सर आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. शिकवत म्हणजे काय, आमच्याकडून शिमग्यातल्या सोंगांचे नमन-खेळे करून घेत म्हणा. कॉलेजच्या मागच्या पटांगणात सगळा वर्ग उभा करायचा. पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा ती पांथरी, म्हणजे प्लीहा, रक्ताची गाळणी. अर्ध्या मुली तांबड्या पेशी. मी बी पेशी. आणि मलेरियाचा परजीवी कोण? तर खेळ्यांतला राक्षस, संकासुर. टोकदार टोपी, तोंडाला काळं, आणि अंगात एकावर एक सहा शर्ट.

"बी पेशी कशी ओळखते?" सर गरजत. "प्रत्येकीच्या हातात एकच खूण. कोट्यवधी पेशी, प्रत्येकीची खूण वेगळी. ज्या एकीची खूण संकासुराच्या शर्टाशी जुळेल, ती जागी होते. ए खेडेकर, जागा हो!"

मी जागा व्हायचो. मग माझ्यासारखे वीसजण माझ्यामागे उभे राहायचे, कारण जुळलेली पेशी स्वतःच्या प्रती काढते. त्यांतले काही तिथेच थांबून 'प्रतिपिंडं' फेकायचे. आम्ही चिखलाचे गोळे फेकत असू. ते ज्याला चिकटले तो परजीवी निकामी. उरलेले काही टाकीच्या कोपऱ्यात जाऊन सराव करायचे: खूण घासायची, जुळते का बघायची, पुन्हा घासायची. सर त्याला 'तालीम' म्हणत. तालमीत पास झालेल्यांतल्या काही पेशी पुढे वर्षानुवर्षं टपून राहतात, तोच चोर पुन्हा आला की ओळखायला.

इथपर्यंत सोपं. पण आम्ही गोळे फेकायला लागलो की संकासुर वरचा शर्ट काढून टाकायचा! आत वेगळ्या रंगाचा. आमच्या खुणा सगळ्या कालच्या.

"म्हणून हा रोग एकदा होऊन सुटत नाही," सर म्हणत. "पुन्हा पुन्हा व्हावा लागतो, तेव्हा कुठे पेशींना याचे सगळे शर्ट पाठ होतात. तेव्हाही माणूस अभेद्य होत नाही. फक्त ताप सौम्य येतो."

एकदा हा खेळ रंगात आला असताना प्राचार्य तिकडून आले. नवा शर्ट, पट्ट्यापट्ट्यांचा. आमच्या एका प्रतिपिंडाला खूण जुळली. पुढचं काय सांगू? चिखल प्राचार्यांच्या कानातसुद्धा गेला. त्यांनी सरांना विचारलं, "हे काय चाललंय?" सर अत्यंत समाधानाने म्हणाले, "स्वतःच्याच शरीरावर हल्ला. तेही अभ्यासक्रमात आहे, सर."

पण त्यांचा आवडता भाग पुढचा होता, आणि तो सांगताना ते आवाज खाली आणत. म्हणजे साधारण शेजारच्या इमारतीपर्यंतच ऐकू जाईल एवढा.

"पहिला ताप चढतो तेव्हा काय होतं? घाईघाईत तयार झालेल्या पेशींची झुंड उठते आणि मिळेल ते फेकत सुटते. नुसता आरडाओरडा! आणि ही झुंड इतकी खादाड, की रक्तातलं जेवण तीच संपवते. तिकडे कोपऱ्यात तालीम करणाऱ्या बिचाऱ्या पेशी उपाशी. त्यांचा धडा कच्चा राहतो. उंदरांत हे दिसलंय. माणसांत किती, ते अजून शोधतायत लोक. पण मला पटतं. ओरडणारे फार झाले की शिकणारा उपाशी राहतो."

हे वाक्य ते ओरडून सांगत.

आणि सुरेशचं जे चुकत होतं, ते आमच्याकडच्या परदेशी राहून आलेल्या कित्येकांचं चुकतं. तो आधीही आफ्रिकेत बरीच वर्षं होता. तिथे त्याला इतक्या वेळा मलेरिया झाला, की पुढे पुढे ताप सकाळी यायचा, दुपारी जायचा आणि संध्याकाळी हा मासे तळायला बसायचा. त्याची खात्री पटली की आपलं रक्त पक्कं झालं, भाजलेल्या विटेसारखं. मग तो गावी येऊन राहिला. एकामागून एक वर्षं गेली. इथे ना तिथला तो परजीवी, ना त्याचे ते शर्ट.

सर त्याला समजावत, तेही पालखीच्याच भाषेत. "मुंबईकर दर शिमग्याला येतो म्हणून त्याचा खांदा पालखी विसरत नाही. पाच वर्षं नाही आला आणि एकदम खांदा द्यायला गेला तर काय होतं? पहिल्या फेरीत कंबर धरून बसतो. तुझ्या पेशी तशाच. टपून बसलेल्या थोड्या असतील, पण त्यांना हाक मारणारं कुणी नाही. झोपल्यात."

सुरेश म्हणे, "आप्पा, तू मला माझंच रक्त शिकवू नको."

हे सगळं ते शांतपणे, घरात, चहा पिताना बोलले असते तर? पण सरांना शांतपणे फक्त मासे खाता येत.

*

शिमग्यानंतर दोन दिवसांनी सर माझ्या रक्त तपासणीच्या दुकानात आले. जेटीच्या रस्त्यावर माझी लहानशी लॅब आहे. काउंटरवर गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं.

"सुऱ्या रत्नागिरीत मित्राकडे उतरलाय. हे तू दे. माझ्या हातून तो घेणार नाही."

मी दिलं. सुरेशने पाकीट उघडून बघितलं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "घेतो का नाय ते त्याला सांगू नको."

"पण घेशील ना?"

"अख्ख्या वाडीत माझी बी पेशी केलीन त्याने," सुरेश म्हणाला. "तू आधी तो भोंगा बंद कर, मग मला विचार."

तो आफ्रिकेला गेला. त्यानंतर सर रोज लॅबमध्ये यायला लागले. कारणं भारी भारी. तुझं सूक्ष्मदर्शक बघू, तुझा फ्रिज बघू, तुझ्या कुंडीत पाणी आहे का बघू. माझ्या कुंडीत तर झाडही नव्हतं. सगळं बघून झालं की पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून विचारत, "काही कळलं?"

"बोटीवर आहे म्हणे. भर समुद्रात."

"भर समुद्रात डास नसतात," सर म्हणत. तेवढ्यावर ते घरी जात, आणि दुसऱ्या दिवशी समुद्र पुन्हा आटलेला असे.

"तुम्हीच करा की फोन," मी एकदा म्हटलं.

"केला होता."

"मग?"

"मी विचारलं, गोळ्या घेतोस का. त्याने ठेवला."

"सर, दुसरं काहीतरी विचारायचं!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पैज लावून सांगतो, रोगप्रतिकारशास्त्रातल्या कुठल्याही प्रश्नावर तो माणूस अडला नव्हता. इथे अडला. "दुसरं काय?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं.

पुढचा शिमगा आला. मीही वाडीला गेलो होतो. सरांनी अंगण सारवून घेतलं, बाक पडवीतून काढून मागे नेऊन ठेवला. पालखी आली. त्या वर्षी मुंबईकर फारसे आले नव्हते, घरटी एक खांदा द्यायचा तर आंबेरकरांच्या घरातून कोण? सगळे सरांकडे बघायला लागले. हा माणूस जन्मभर कडेला उभं राहून सूचना देत आलेला. चष्मा माझ्या हातात दिला आणि पुढे झाले.

नाचले म्हणता येणार नाही. पालखी नाचली आणि सर तिच्याखाली अडकले होते, असं म्हणू. एका फेरीत दहा वेळा पाय चुकला. वाडीतली पोरं ओरडत होती, "सर, उजवीकडे! सर, वाका!" सर एक अक्षर बोलले नाहीत. खांदा सोलवटून निघाला, आठवडाभर हात वर होत नव्हता. मी हळद लावायला गेलो तर म्हणाले, "सुऱ्या हे इतकी वर्षं करत होता, मला वाटायचं नुसताच नाचतो."

*

त्याच उन्हाळ्यात लॅबचा फोन वाजला.

"सुरेश बोलतोय. माझा रिपोर्ट पाठवलाय तुझ्या मोबाईलवर. बघ जरा. रक्त साफ झालंय म्हणतो हा डॉक्टर, पण याची भाषा मला अर्धीच कळते."

मी पाहिला. जुन्या तारखेच्या कागदावर परजीवी होता, नव्यावर नव्हता. साफ होतं. मी तसं सांगितलं आणि विचारलं, "गोळ्या घेत नव्हतास?"

"त्या तेव्हाच भाट्याच्या खाडीत टाकल्या."

"मग वाचलास कसा?"

पलीकडे त्याने कुठलातरी घरघरणारा पंखा बंद केला.

"बोट दुरुस्तीला लागली म्हणून जमिनीवर राहायला आलो. ताप आला. सोबतचे म्हणाले, झोप, सकाळी उतरेल. मी पण म्हटलं, जुनाच पावना हाय. पांघरूण घेतलं. आणि आप्पा ओरडला ना कानात! त्या दिवशी ओरडला होता तस्साच, ढोल थांबल्यावर. उठलो आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाला, उद्यावर टाकलं असतंस तर पेटीतून घरी गेला असतास."

"मेल्या, हे त्यांना सांग! आत्ता फोन लाव!"

"नको. पुन्हा ओरडेल. शिमग्याला येतोय, तेव्हा समोर बसून सांगीन."

शिमग्याला तो आला. पण सर त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. हृदयविकाराने. मलेरियाने नाही, हे स्वच्छ लिहून ठेवतो, नाहीतर वरून ओरडा ऐकावा लागेल. पालखी अंगणात आली तेव्हा सुरेशने खांदा दिला नाही. मागे ठेवलेला तो बाक त्याने ओढत पडवीत आणला, त्याच्यावर चढला आणि पालखी टेकेपर्यंत गप्प उभा राहिला. ढोल थांबले. सगळ्यांनी वर पाहिलं. सुरेशने तोंड उघडलं होतं, पण आवाज काही आला नाही.

पण मला सर दिसतात ते फोन आला त्या दुपारचे. 'नको' म्हणून सांगितलेली गोष्ट पोटात ठेवणं माझ्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. मी लॅबला कुलूप लावलं आणि राजिवड्याचा चढ असा धावत चढलो, की वाटेत दोन रिक्षा मागे टाकल्या. सर खिडकीशी बसले होते. टेबलावर झाकलेलं ताट, त्यात एक बांगडा उरलेला. मी धापा टाकत सगळं सांगितलं: ताप, पांघरूण, दवाखाना, पेटी. आणि मुख्य म्हणजे कानातली ती हाक. "तुमच्या ओरडण्याने वाचला, सर! तुमच्या!"

मी कानांवर हात नेण्याच्या तयारीत होतो. आता असा काही आवाज निघणार, की खाडीपलीकडच्या भाट्यातली माणसं दारात येणार.

सरांनी विचारलं, "परजीवी कुठला? जीव घेणारा, फाल्सिपॅरम?"

"होय."

"पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेला?"

"पहिल्याच."

"आता साफ आहे? रिपोर्ट तू स्वतः पाहिलास?"

"पाहिला. एकदम साफ."

त्यांनी मान हलवली. खिडकीतून जेटीकडे पाहिलं. खाली बोटींवरचे पिंप उन्हात उघडे पडले होते, पण त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग ताटावरचं झाकण नीट सरळ केलं.

"बरं झालं," सर म्हणाले. "फोन तुला आला."